नानांनी धुतलेलं खापर

निंबा नानांनी आयुष्यात कधी केरसुणी हातात धरली नव्हती. पण स्वच्छतेवर बोलायला लागले की समोरच्याने आपलं आवरून घ्यावं. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि तिथे म्हणे जमिनीवर एक खिळा पडलेला दिसला तरी अख्खं खातं थांबायचं. निवृत्त होऊन जळगावात घर बांधलं त्याला आठ वर्षं झाली, पण खिळा काही डोक्यातून गेला नव्हता.

मार्च संपता संपता टाळेबंदी लागून सगळं बंद झालं. धुणंभांडी करणाऱ्या बेबाबाईला नानांच्या पत्नी लताबाईंनी महिन्याचा पगार हातात ठेवून घरी बसवलं. मुलगा भूषण पाइपच्या कंपनीत होता, तो घरी. सून हेमांगी शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवायची, ती मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरात समीकरणं सोडवायला लागली. चार माणसं चोवीस तास घरात, म्हणजे दिवसभर चहाचे कप आणि कोपऱ्याकोपऱ्यात टॉवेल. नानांना इतकी वर्षं ज्या संधीची वाट होती ती अशी आयती चालून आली.

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून ड्युटीचा तक्ता केला. झाडू: भूषण. फरशी: हेमांगी. भांडी: भूषण व हेमांगी, आळीपाळीने. स्वयंपाक: लता. सगळ्यात खाली लाल शाईत लिहिलं, ‘देखरेख: निंबा सुकदेव पाटील’.

हेमांगीने तक्ता वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "नाना, देखरेखीला किती वेळ लागतो हो?"

"दिवसभर," नाना म्हणाले.

"मग ती मी करते. तुम्ही फरशी घ्या."

भूषणला ठसका लागला. लताबाई कणीक मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण परातीवरचा हात जरा थांबला. शेवटी पुष्कळ वाटाघाटी होऊन नानांच्या नावापुढे ‘माळा’ असं लिहिलं गेलं. माळ्यावर तसंही कोणी चढत नव्हतं. हे काम आपल्या पदाला शोभेल असं नानांना वाटलं आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते डोक्याला उपरणं गुंडाळून शिडीवर चढले.

आखाजीला पाच दिवस उरले होते. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा दिवाळीच्या वरचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि पितरांसाठी घागर भरून मांड्यांचा नैवेद्य होतो. मांडा म्हणजे हातावर रुमालासारखी पसरवलेली पुरणाची पोळी, आणि ती भाजायची चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर. लताबाईंनी हे खापर अठरा वर्षांपूर्वी साक्रीच्या बाजारातून आणलं होतं, माहेराहून येताना, धुळ्याला गाडी बदलून, सगळी वाट मांडीवर घेऊन. अठरा आखाज्यांच्या तेलाने आणि धगीने ते काळंभोर, गुळगुळीत झालं होतं. त्याला साबण लावायचा नसतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि जुन्या लुगड्यात बांधून ठेवायचं. माती पाणी पिते तसा साबणही पिते, मग मांडा सुटत नाही, फाटतो.

हे नानांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. उलट ते त्यांच्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला नव्या नवरीने, म्हणजे लताबाईंनी, सासूचं खापर साबणाने लख्ख धुऊन ठेवलं आणि सणाच्या दिवशी एक मांडा धड निघेना, ही गोष्ट नाना गेली चाळीस वर्षं दर आखाजीला पंगतीत सांगत होते. तीन बहिणी बसलेल्या, नवरी चुलीपुढे घामाघूम, आणि खापराला मोती साबणाचा वास, असं ते हातवारे करून रंगवायचे. लेक चारुलता तर "नाना, ती गोष्ट" म्हणून मागेच लागायची. लताबाईही हसायच्या. नानांची आई होती तोवर तीही तोंडाला पदर लावून हसायची आणि मग पहिला मांडा स्वतः उठून सुनेच्या ताटात वाढायची. सासूचं मन किती मोठं, असं सगळे म्हणायचे.

तर नाना माळ्यावर चढले. लुगड्याचं गाठोडं सोडलं तर आत पालीची अंडी आणि उंदराच्या लेंड्या. नानांच्या अंगावर काटा आला. बाहेर एवढा रोग फिरतोय आणि यावर पितरांचा नैवेद्य करायचा? साबण लावायचा नाही, बरोबर. पण भूषणने कंपनीतून आणलेलं जंतू मारायचं औषध म्हणजे काही साबण नव्हे. नियमात कुठेही औषध म्हटलेलं नव्हतं, आणि नाना नियमाबाहेर कधी गेले नव्हते. त्यांनी गच्चीवर टब भरला, दोन बुचं सांगितली होती तिथे चार घातली, खापर बुडवलं आणि टीव्हीवरची जुनी पौराणिक मालिका बघायला खाली आले. मालिकेचे त्या दिवशी लागोपाठ दोन भाग होते.

वर जाऊन पाहतात तर खापर विटेच्या रंगाचं. मधे मधे पांढरट डाग. वास असा, की पोहण्याच्या तलावाची आठवण यावी. नानांनी ते बोटाने घासलं, तर अठरा वर्षांचा काळा थर नखाला चिकटून आला.

नाना टाकीच्या सावलीत मटकन बसले. त्यांना लताबाईंची भीती वाटत नव्हती, त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांना भीती वाटली ती त्या गोष्टीची. चाळीस वर्षं जिच्यावर पंगती हसवल्या, ती गोष्ट आता त्यांच्याच नावावर लागणार होती.

नवीन खापर आणावं तर बाजार बंद. ओळखीच्या पुना कुंभाराला फोन केला. तो म्हणाला, "नाना, खापरं घरमा पंधरा पडेल शेतस, पन चौकमा पोलिस शे. तुमले पोचाडू कसं?" मग त्याने दया येऊन उपाय सांगितला. भाताची पेज पाजा, उन्हात वाळवा, तेल चोळा, आणि गोवऱ्यांच्या धुरावर धरा. "काळं व्हई. पन पहिलासारखं नई व्हवाव," असंही म्हणाला. नानांनी शेवटचं वाक्य ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गच्चीवर धूर. शेजारचे प्रेमराज भाऊ आपल्या गच्चीवरून ओरडले, "काय पेटवलं हो?"

"जंतूंसाठी धुरी," नाना मास्क सावरत म्हणाले. "कारखान्यात करायचो आम्ही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत आणखी तीन गच्च्यांवर धूर निघाला. संध्याकाळी प्रेमराज भाऊंनी फोन करून विचारलं, की धुरी दिवसातून एकदा घ्यायची की दोनदा. नानांनी विचार करून ‘एकदा’ सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हेमांगी कपडे वाळत घालायला वर आली आणि तिने सासऱ्यांना खापराला शेंगदाण्याचं तेल चोळताना पकडलं. सगळं ऐकून ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग बादली बाजूला ठेवून तीही फडकं घेऊन बसली.

"नाना, आईंना सांगून टाका ना."

"सांगसू," नाना म्हणाले. "आखाजी व्हई जाऊ दे."

घरात लताबाई डाळ निवडत होत्या. "कसाना वास ई राहिना वं हेमांगी?" त्यांनी विचारलं. हेमांगीने फरशीचं औषध असेल म्हणून सांगितलं. लताबाईंनी "हूं" केलं आणि पुढचा खडा काढला.

आखाजीच्या दिवशी खापर काळं होतं खरं. गाठोड्यातून काढताना लताबाईंनी ते एकदा नाकाशी नेलं, पुन्हा खाली धरलं, आणि मागच्या अंगणात चुलीवर उपडं घातलं. जळगावचं ऊन सकाळी नऊलाच त्रेचाळिसाच्या वाटेला लागलं होतं. नाना उगीचच लाकडं पुढे सरकवत चुलीजवळ घुटमळत राहिले. एरवी ते या वेळी पाटावर बसून हाका मारायचे.

लताबाईंनी पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, दोन्ही मनगटं फिरवत फिरवत तो कोपरापर्यंत पसरवला आणि हलकेच खापरावर टाकला. मांडा फुगला. नानांचा जीव भांड्यात पडणार तोच लताबाईंनी कडेला हात घातला आणि मांडा मधोमध फाटला. अर्धा हातात, अर्धा खापराला चिकटून. दुसराही तसाच. तिसऱ्याला भोक पडलं.

घागरीची पूजा झाली. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप सोडून पितरांच्या नावाने घास घालायची वेळ आली, तेव्हा लताबाईंनी सासूच्या नावाचं पान वाढलं आणि त्यावर तो पहिला फाटका मांडा ठेवला.

"अवं, फाटेल मांडा काब्र वाढस? मायना नैवेद्य शे," नाना म्हणाले.

"राहू द्या. त्यासले चाली," लताबाई म्हणाल्या.

जेवायला बसताना चारुलताचा व्हिडिओ कॉल आला. ती धुळ्याला दिलेली. एरवी दोन-अडीच तासांची वाट, पण जिल्ह्याच्या हद्दीवर बांबू आडवे लागले होते आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती आखाजीला आली नव्हती. तिने आधी ताटं दाखवायला लावली आणि किंचाळलीच. "आई! मांडे असे चिंध्या कसे झाले?"

नानांचा घास हातातच राहिला. हेमांगी पाण्याच्या तांब्यात बघू लागली.

"पीठ जरासं सैल व्हई गयं मनं," लताबाई म्हणाल्या.

चारुलता हसली. "म्हणजे खापर परत धुतलंस की काय पहिल्या वर्षासारखं? नाना, सांगा ना ती गोष्ट. तेवढी ऐकली की मला आखाजीला आल्यासारखं वाटेल."

नानांनी लताबाईंकडे पाहिलं. त्या आमरसात तूप घालत होत्या. ही बाई सणासुदीच्या दिवशी, लेकीसमोर, त्यांचा दोष आपल्या अंगावर घेऊन शांतपणे तूप वाढत होती, आणि नानांना स्वतःची लाज वाटली. साधीसुधी नाही, चांगली लाज वाटली.

"सांगतो," ते म्हणाले. "एका आखाजीला एका शहाण्या माणसाने खापर धुतलं. साबणाने नाही, औषधाने. चार बुचं घालून."

मग त्यांनी काहीच सोडलं नाही. पालीची अंडी, दोन भागांची मालिका, पुना कुंभार, प्रेमराज भाऊंची धुरी, सगळं हातवारे करून सांगितलं. भूषणला हे काहीच माहीत नव्हतं, तो ताटावरून उठून भिंतीला टेकून हसला. धुळ्याला चारुलताच्या हातातून फोन पडला, थोडा वेळ नुसता पंखाच दिसत होता.

जेवणं आटोपल्यावर नाना मागे अंगणात गेले. तक्त्याप्रमाणे भांडी भूषणची होती, पण ती नानांनीच उचलून आणली. लताबाई थंड झालेलं खापर ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"तुले कवय समजनं?" नानांनी विचारलं.

"औषधमा टाकं तवयच. बठ्ठा जिनामा वास व्हता."

"मंग बोलनी काब्र नई?"

"वाट दखी राहिंती, तुम्ही सांगतस का नई."

नाना ओशाळून हसले. खाली बसून त्यांनी परात घासायला घेतली. "चला, फिटाफिट व्हई गई. चाळीस वरीस मांगे तू धुयं, आते मी धुयं."

लताबाईंचा हात थांबला. "तवयबी मी धुयेल नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"तुमनी मायनी धुयेल व्हतं. त्यासले मोतीबिंदू व्हता, कोनले सांगेल नव्हतं. बाकी भांडासमा खापर गयं, धुवाई गयं. तिन्ही नणदा घरमा व्हत्यात. सासूबाई मनाकडे दखेत, नुसत्या दखेत. मी सांगी दिधं, मी धुयं."

नानांच्या हातातली परात तशीच राहिली. दर वर्षी तोंडाला पदर लावणारी आई त्यांना दिसली, आणि ताटात पहिला मांडा वाढायला उठलेली आई. ती हसत नव्हती, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं.

"चाळीस वरीस मी लोकसले हसाडं," ते म्हणाले. "तू एक डाव तरी सांगती."

"तुम्ही इतलं रंगाईसन सांगेत," लताबाई म्हणाल्या, "माले वाटे, सांगू द्या."

त्यांनी खापर लुगड्यात बांधलं आणि गाठ मारून नानांच्या हातात दिलं. माळ्याची ड्युटी त्यांची होती. नानांनी डोळे पुसले, गाठोडं छातीशी धरलं आणि माळ्याच्या शिडीकडे निघाले.