रंगांच्या पंख्याची खोटी साक्ष

जो माणूस निःशंक मनाने आपला हात दुसऱ्याच्या हाती देतो, त्याला त्या हाताचे काय होणार आहे हे जाणण्याचा पूर्ण अधिकार असतो. तो अधिकार गोड बोलून हिरावून घेतला, तर नंतर केलेल्या कोणत्याही उपचाराने त्याची भरपाई होत नाही. असे एक हिरावणे माझ्या साक्षीने घडले.

मित्रांनो, मी एक जुना रंगनमुन्यांचा पंखा आहे. एका कडीत ओवलेली अठ्ठेचाळीस प्लॅस्टिकची नखे म्हणजे माझा देह. पार्लरच्या मालकीणबाईंनी प्रत्येक नखावर आपल्या हाताने जेलचे, म्हणजे दिव्याच्या प्रकाशात घट्ट होणाऱ्या नखरंगाचे, दोन थर दिले आणि ते दिव्याखाली वाळवले. त्यांची नणंद त्यांच्या हाताखाली काम करी व त्यांना वहिनी म्हणे. म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणतो.

आरंभी वहिनींनी रंगाखालचा बेस, रंग, वरचा टॉप कोट आणि दिवा, सारे एकाच कंपनीचे घेतले होते. जेल ज्या दिव्यासाठी घडवलेले असते, त्याच्याच प्रकाशात ते आतपर्यंत घट्ट होते. परक्या दिव्याखाली वर चकाकी येते, पण आत ते कच्चे राहू शकते. आणि कच्चे जेल वारंवार लागले, तर कातडी त्याच्याशी कायमचे वैर धरते. वहिनी हे शिकून आल्या होत्या. दरही त्यांनी त्याच हिशेबाने, थोडा चढा, पण प्रामाणिक ठेवला होता. बायका मला उलगडत, बोटांशी लावून पाहत आणि हरखून जात. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे समोरच्या गाळ्यात निम्म्या दराचे पार्लर उघडले. आमच्या खुर्च्या ओस पडू लागल्या.

"वहिनी, स्वस्तातल्या बाटल्या आणू या. लॅम्प आहेच की आपला!" नणंद म्हणाली.

"अगं, लॅम्पला जुळायला नको का ते?"

"विकणारा म्हणतो, कुठल्याही लॅम्पला चालतं."

"तो म्हणणारच! त्याच्या काकाचं काय जातंय?"

वहिनी हसल्या खऱ्या. परंतु महिनाअखेरीस बाटल्या आल्या. दर किंचित उतरला. मी मात्र तोच राहिलो. माझ्या अंगावरचे बहुतेक रंग आता पार्लरमध्ये नव्हते, तरी त्यांची ग्वाही मीच देत होतो.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी नेहमी येत. साठी उलटली तरी हौस दांडगी.

"हा जांभळा लाव गं. म्हातारीला शोभेल ना?"

"म्हातारी कोण? मला तर कुणी दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"चल, चावट! मागच्यासारखंच आहे ना हे?"

वहिनींचा हात माझ्यावर क्षणभर थबकला. "हो, तेच."

मित्रांनो, मला वाचा असती तर! त्यानंतर मावशी आणखी दोनदा आल्या. चौथ्या वेळी आल्या त्या पदराखाली हात झाकून. नखांभोवतीची कातडी लाल होऊन सोलली होती, बोटांवर बारीक फोड आले होते. शाळेच्या गणवेशांचे मोठे काम घरात पडून होते आणि सुई चिमटीत धरवत नव्हती.

"माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "नवा साबण आणला होता भांड्यांना."

नणंदेने वहिनींकडे पाहून हळूच मान हलवली: गप्प राहा. साबणावर सारे सहज ढकलता आले असते. वहिनींनी मावशींची बोटे हलकेच आपल्या तळहातावर घेतली.

"साबण नाही, मावशी. जेल वेगळं होतं. मी खोटं बोलले."

त्यांनी त्या स्वस्त जेलची बाटली मावशींच्या पिशवीत घातली. "डॉक्टरांना दाखवा. यात काय आहे ते त्यांना कळू दे."

मावशींचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतंस, तर साधं नेलपॉलिश लावून घेतलं असतं गं," एवढेच बोलून त्या गेल्या.

डॉक्टरांनी जेल जन्मभरासाठी वर्ज्य केले आणि महिनाभर सुईही. गणवेशांचे काम दुसऱ्या शिंपिणीकडे जाण्याच्या बेतात होते. ते जाऊ नये म्हणून आता दुपारी तासभर पार्लर बंद ठेवून वहिनी मावशींकडे गणवेशांची काज-बटणे करायला जातात. "मावशी दार उघडतात, पण वहिनीशी बोलत नाहीत," असे नणंद सांगते. स्वस्त बाटल्या गेल्या, दर पुन्हा चढला, गिऱ्हाईक तुरळक आहे. पार्लर टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. ज्या रंगांच्या बाटल्या उरल्या नाहीत, ती माझी नखे वहिनींनी एकेक करून काढली. आता मी अकरा नखांचा आहे.

मित्रांनो, बाटली बदलली की त्याच दिवशी नमुनाही बदलावा. हात पुढे करणाऱ्यानेही, जेल आणि दिवा एकमेकांचे आहेत ना, हे निःसंकोच विचारावे.

मावशींच्या बोटांना आराम पडो. वहिनींच्या हातांना कष्टाचे काम मिळत राहो. आणि त्या दोघींमधले मौन एखाद्या दुपारी, बटण लावता लावता, आपोआप विरघळो.