ऐकणारा चेहरा

घरीदारी सगळे त्याला कारागीर म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. खरं तर ते नाव बायकोने ठेवलं होतं, आणि ठेवलं तेव्हा ती हसत नव्हती.

त्याचा धंदा माणसांचे बोलके अवतार करायचा. एखाद्याचा चेहरा अर्धा तास टिपून घ्यायचा, आवाज घ्यायचा, आणि त्याने जन्मात न उच्चारलेली वाक्यं पडद्यावर त्याच्याच तोंडून वदवायची. पापणी किती वेळाने लवावी, वाक्याआधी श्वास कुठे घ्यावा, 'प' म्हणताना ओठ पुरते मिटतात की नाही, यावर तो पाहुण्यांना तासभर ऐकवी. पाहुणे सहसा पुन्हा येत नसत.

एका मोठ्या दवाखान्याला पडद्यावरचा डॉक्टर हवा होता. रुग्णाने तक्रार सांगायची, डॉक्टरने ऐकायची, मग समजुतीचे चार शब्द बोलायचे. तिथले खरे डॉक्टर कॅमेऱ्यापुढे घामाघूम होऊन मुके झाले, तेव्हा कारागिराने स्वतःचाच चेहरा देऊ केला. वर पांढरा कोट आणि खाली घरातली ढगळ चड्डी अशा थाटात चित्रण उरकलं. बोलणं झकास उतरलं. अडलं ते ऐकण्यावर.

अशा अवताराला ऐकण्याचा एक तुकडा लागतो. समोरचा बोलत असेल तोवर तोच तुकडा फिरत राहतो: तोंड मिटलेलं, नजर समोर, अधूनमधून मान हलते. त्यात काय मोठंसं, म्हणून कारागिराने तो एका दमात देऊन टाकला होता. दवाखान्याच्या मॅडमनी तो तीनदा परत पाठवला.

"डॉक्टर बोलतात छान हो," तिसऱ्यांदा त्या फोनवर म्हणाल्या, "पण ऐकत नाहीत. एक आजीबाई तर सांगता सांगता उठून गेल्या. परवापर्यंत जमलं नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो."

कारागिराने पडद्यावरच्या भुवया जराशा उचलल्या, मान किंचित तिरकी केली. डोळ्यांत चमक घातली, तर डॉक्टरचा रुग्णाच्या घड्याळावर डोळा आहे असं दिसायला लागलं. शेवटी नाक मुठीत धरून तो बायकोकडे गेला. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे चेहरे वाचणं हे तिचं रोजचं काम.

तिने पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं. "हा चेहरा ओळखीचा आहे."

"माझाच आहे ना!"

"तसं नाही रे. मी बोलत असते तेव्हाचा आहे. दर अकरा सेकंदांनी मान हलते. मोजलंय मी."

कारागिराने तपासलं. बरोबर अकरा. इतकं नेमकं उतरलं म्हणून आधी त्याला समाधान वाटलं, आणि मग त्या समाधानाची लाज वाटली.

"त्यापेक्षा नंदीबैल बरा," ती म्हणाली. "त्याला निदान ढोलकं तरी ऐकू येतं."

"मग तू बस समोर. काहीतरी खरं सांग मला. मी ऐकतो, कॅमेरा टिपून घेईल."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि कॅमेऱ्यामागे खुर्ची ओढली. "तोंड उघडायचं नाही ना?"

"अजिबात नाही. उघडलं की तुकडा फुकट."

"बरं. मी एक तारखेला जातेय. शाळेची नवी शाखा निघालीय, इथून गाडीने सात तास. मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय, दोन वर्षांसाठी. चारदा सांगितलं मी तुला. पहिल्यांदा जेवताना. दुसऱ्यांदा तू कुणाच्या तरी पापण्या बसवत होतास. तिसऱ्यांदा विचारलं, जाऊ का? तू मान हलवलीस. चौथ्यांदा विचारलं, लेकीलाही नेऊ का? पुन्हा हलवलीस. मला वाटलं, काय समजूतदार नवरा आहे माझा! शेजारणीलाही सांगितलं. होकार कळवून टाकल्यावर ध्यानात आलं, तू ऐकलंच नव्हतंस."

कारागिराची मान हलली नाही. भुवया आपसूक जायच्या तिथे गेल्या. चाळीस सेकंद तो नुसता बघत राहिला.

"एक तारीख म्हणजे... येत्या सोमवारी?"

"तोंड उघडलंस. तुकडा गेला."

"जाऊ दे तुकडा! राहणार कुठे? होकार मागे घेता येतो का?"

"येतो. पण मला जायचंय रे. तू नको म्हणाला असतास तर आपण भांडलो असतो, कदाचित मी थांबलेही असते. पण भांडायला तरी तू हवा होतास ना?"

लोकांच्या तोंडी हवं ते वाक्य घालणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एकही सापडेना. त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने तोंड उघडण्याआधीचे ते चाळीस सेकंद तेवढे कापून दवाखान्याला पाठवले. संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"काय जादू केलीत हो! त्याच आजीबाई अर्धा तास बोलत बसल्या. उठताना उलट डॉक्टरलाच म्हणाल्या, बाळा, काळजी करू नकोस, होईल सगळं ठीक."

तेव्हापासून शे-दीडशे माणसं रोज आपले गुडघे, पोट आणि मूळव्याध त्या चेहऱ्याला सांगतात. आपलं दुखणं या भल्या माणसाच्या काळजाला भिडलं, असं प्रत्येकाला वाटतं.

मायलेकी एक तारखेला गेल्या. पहिल्याच शनिवारी कारागीर सात तास गाडीत बसून तिकडे पोचला. बायको नव्या शाळेच्या गळक्या छपराचं सांगू लागली. लगेच त्याचे प्रश्न सुरू झाले. कुठल्या वर्गाचं? कधीपासून? मग मुलं बसतात कुठे? आणि हे तू आधी बघितलं कसं नाहीस?

"अरे, मला बोलू देशील का?" ती कडाडली.

त्या छपरावरून दोघांचं असं भांडण जुंपलं की लेक दारात येऊन बघत उभी राहिली. कारागिराची परतीची गाडी त्यात चुकली. गाडीची वेळ होत आलेली दोघांनीही घड्याळात पाहिली होती, पण भांडण कुणीच थांबवलं नव्हतं.