लग्नाआधीची हुग्गी

माझ्या थोरल्या भावाचं, मिलिंददादाचं, दीपाली चौगुलेशी लग्न झालं. इंग्लंडात, लीड्स नावाच्या गावी, एका गुरुवारी, रजिस्ट्रारसमोर, सहीशिक्क्यानिशी. फोटोसुद्धा आहेत. त्यात दादा दुसऱ्या कुणाचा तरी कोट घालून उभा आहे, आणि कोटाला दादा फारसा आवडलेला दिसत नाही.

हे एकदा सांगून टाकलं. आता विसरून जा. असं काही लग्नबिग्न झालेलं नाही. दीपालीचे वडील सुकुमारअप्पा यांचं तेच म्हणणं होतं, आणि ते वयानं मोठे असल्यामुळं आपण त्यांचं धरून चालू.

तर अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, लग्न झालेलं नसताना, दादाचं निळं आंतरदेशीसारखं पण परदेशी पत्र साताऱ्याला आलं. दादा सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडं शिकायला होता. दीपाली सांगलीच्या कॉलेजात त्याच्या वर्गात होती. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते. ते पडू नयेत म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं तिला इंग्लंडला पाठवलं होतं. डोक्यावर एवढं काम असताना ती लग्नाला वेळ काढते याचं आमच्या आईला फार कौतुक.

पत्रात लग्नाचं बजेट होतं. दादानं ते नुसतं कळवायला पाठवलं होतं. पण आमचे आबा एसटीत मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले; समोर आलेली वस्तू खोलून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी चष्मा लावला, मला कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसवलं आणि पौंडाला सत्तरनं गुणायला सुरुवात केली.

"रजिस्ट्रारची फी. गुरवारची हाय. शनवारी जास्त पडती म्हणतोय."

"वारावर भाव?" आई चुलीपासून म्हणाली. "रजिस्ट्रार हाय का भाजी?"

"फुलं, बारा पौंड. कर रं बुद्धभूषण."

"आठशे चाळीस."

"एवढ्यात आपल्या हितला फुलवाला सोता नवरदेव म्हणून हुबा ऱ्हाईल."

पुढं चहा होता. एक पौंडाला एक कप. आबांनी हातातला कप हळूच खाली ठेवला. तो आमच्याच घरचा चहा होता, पण त्यांना तो आता परवडेना.

वऱ्हाड सहा जणांचं होतं. नवरा, नवरी, दीपालीच्या ऑफिसातले दोन साक्षीदार, घरमालकीण, आणि घाना देशाचा एक विद्यार्थी. कोट ह्या विद्यार्थ्याचा. भाडं काही नव्हतं, त्याबदली त्याला जेवायला घालायचं होतं.

"सहा जणांत लगीन?" आई म्हणाली. "आमच्या लग्नात सहा जण नुसतं रुसलं हुतं."

बजेटच्या तळाला मात्र एक ओळ दीपालीच्या अक्षरात होती: 'अप्पांचं जेवण, सांगली.' पुढं रकमेची जागा मोकळी. आणि खाली तिनंच लिहिलं होतं: 'त्या दिवशी अप्पा उपाशी राहणार असतील तर माझ्यानं सही होणार नाही. मला दुसरं काही नको. त्यांनी तुम्हा सर्वांबरोबर बसून गोडाचे दोन घास खावेत. सही करण्याआधी मी सांगलीला फोन करीन.'

हे का लिहावं लागलं ते सांगतो. उन्हाळ्यात दीपालीनं घरी विषय काढला तेव्हा अप्पांनी बरीच कारणं दिली. मुलगा फार उंच आहे. शिष्यवृत्ती म्हणजे काही पगार नव्हे. साताऱ्याचं पाणी जड आहे. खरं कारण तेवढं राहून गेलं. ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही, आमच्या लोकांना ते सांगायच्या आधीच ऐकू येतं. शेवटी अप्पा बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, गेले आणि देवासमोर नेम घेऊन आले: हे लग्न झालं तर त्या व्याह्यांच्या पंगतीला मी जन्मात बसणार नाही.

आबांनी चष्मा काढला. "छप्पन साली आमी लय गोष्टी सोडल्या. कुणाच्या दारात हात जोडून हुबं ऱ्हाणं बी त्यातच सोडलं."

"मग हात जोडू नगा," आई म्हणाली. "नुसतं बसा. पोरीनं पयल्यांदाच कायतर मागितलंय, आन ते बी काय, तर जेवान."

आबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "त्या मोकळ्या जागंत तिघांचं एसटीचं भाडं लिव्ह."

जाताना न्यायचं काय, हा पुढचा प्रश्न. साताऱ्याहून माणूस पेढे नेतो. पण पेढे नेले की लग्न आहे हे उघड होतं. आईनं दोन दिवस विचार करून पाचगणीची स्ट्रॉबेरी ठरवली. स्ट्रॉबेरी वाटून लग्न झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी दुपारी आम्ही सांगलीला पोचलो. चौगुल्यांचं घर गावाच्या कडेला, मागं हळदीचं रान. पानं पिवळी पडायला लागलेली, आणि उन्हात त्यांचा तो ओला, कडवट वास. अप्पा अंगणात लोखंडी खुर्चीवर बसले होते. मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं "या" म्हणाले.

घरात दीपालीची आई, राजमतीकाकू, लेकीकडून वार कळल्यामुळं सकाळपासून हुग्गी शिजवत होत्या. हुग्गी म्हणजे कांडलेल्या खपली गव्हाची, गूळ घातलेली खीर. तिला अर्धा दिवस आणि एका बाईचे दोन्ही खांदे लागतात, त्यामुळं लग्नकार्याशिवाय सांगलीत कुणी तिच्या वाटेला जात नाही. सकाळी अप्पांनी विचारलं होतं, "आज हुग्गी कशापायी?" काकूंना खोटं अजिबात बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "आज गुरवार हाय." एवढंच खरं त्यांच्या हाताशी होतं.

आईनं स्ट्रॉबेरीचा डबा पुढं केला. अप्पांनी एक फळ उचलून फिरवून बघितलं.

"ह्येच्या बिया बाहीर हायती."

"व्हय," आबा म्हणाले.

"मग आत काय ठेवलंय?"

"रस."

"म्हंजे बिया ठेवायच्या ऱ्हाऊन गेल्या, आन मागनं वरनं चिकटीवल्या." अप्पांनी फळ जपून परत डब्यात ठेवलं. त्यानंतर तासभर सगळे अंगणातच बसून होते. आबांनी अप्पांच्या सायकलकडं बघितलं. चेन सैल होती. आबांची बोटं मांडीवर चुळबुळत होती, पण परक्याची सायकल, हात कसा लावायचा?

आता अप्पांचा दुसरा, जुना नेम: सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. रजिस्ट्रारची वेळ तिकडच्या दुपारी एकची, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाची. आणि डिसेंबरात सांगलीचा सूर्य काही साडेसहापर्यंत थांबत नाही. जे काही गोड व्हायचं ते उजेडात व्हायला हवं होतं.

काकूंनी चार पाट मांडले, चार ताटं वाढली. कांदालसूण नाही, बटाटा नाही. वरणभात, शेंगदाण्याची चटणी, दोडक्याची भाजी, आणि मधोमध हुग्गी, वर तुपाचं तळं. आम्ही तिघं बसलो. चौथा पाट मोकळा.

"जेवून घ्या तुमी," अप्पा अंगणातनंच म्हणाले. "मला आज भूक न्हाई."

काकू पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बाहेर सूर्य हळदीच्या पानांना टेकायला आला होता. आबांनी हात आखडून घेतला. आई तेवढी बोलली, तेही ताटाकडं बघत.

"आवं अप्पा, आमच्या शेजारी बसल्यानं हुग्गी कडू हुती का काय? झाली तर आमाला बी सांगा. आमी बी खाणार न्हाई."

अप्पा उठले. मला वाटलं, आता रानात निघून जातील. ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

"बुद्धभूषण न्हवं रं तुजं नाव?"

"व्हय अप्पा."

"तिकडं आत्ता किती वाजलं?"

मी साडेपाच तास वजा केले. "सव्वाबारा."

"दुपारचं?"

"दुपारचं."

"आन लगीन?"

"एकला."

"म्हंजे झाल्यालं न्हाई."

"अजून न्हाई."

"मोडू बी शकतंय." हे त्यांनी जरा आशेनं म्हटलं.

"मोडू शकतंय की," आबा म्हणाले. "आमचा मिलिंद कोट घालताना लय घोळ घालतो. ह्यो तर दुसऱ्याचा कोट."

अप्पांनी थोडा विचार केला. "मग आत्ताच्या टायमाला तुमी माजं कोण?"

"कोण न्हाई," आबा म्हणाले. "सातारचं पाव्हणं."

"पाव्हण्याला एकट्याला जेवाय बसवायची आमच्यात पद्धत न्हाई," अप्पा म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

त्यानंतरचं जेवण मी आयुष्यात विसरणार नाही. इतक्या घाईत इतकं मायेनं वाढलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. अप्पांचा एक डोळा खिडकीतल्या सूर्यावर आणि दुसरा आबांच्या ताटावर. स्वतः उठून पळी घेतली. "घ्या, घ्या. न्हाई कशाला म्हणता? अजून पाव्हणं हायसा तवर घ्या!" आबांनी नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात त्यांनी बाजूला सारला आणि दुसऱ्यांदा हुग्गी ओतली. मग स्वतःच्या ताटात घेतली, आणि खाल्ली. दोन घास नाही, चांगली दोन वाट्या. खाता खाता सांगायला लागले, की दीपाली लहानपणी हुग्गीतलं खोबरं वेचून ह्यांच्या ताटात टाकायची, आणि ह्यांना खोबरं आवडत नाही हे अजून कुणाला माहीत नाही. काकू म्हणाल्या, "मला म्हाईत हाय." अप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही त्यांची आजच ओळख होत होती.

सूर्य गेला. अप्पांनी त्याआधी पाणी पिऊन तांब्या पालथा घातला होता.

थोड्या वेळानं फोन वाजला. काकूंनी उचलला. समोरून एकच प्रश्न आला असणार. "जेवलं," काकू म्हणाल्या. "संगट बसून. दोनदा घेतली गं." आणि पदर तोंडाला लावला. त्यांनी रिसीव्हर अप्पांपुढं धरला. अप्पांनी मान हलवली.

"सांग तिला, गूळ जरा कमी पडला हुता."

तिकडून हसल्याचा, नाहीतर रडल्याचा आवाज मला पाटावर बसून ऐकू आला. लीड्स लांब आहे, त्यामुळं नेमकं सांगता येणार नाही.

मग आम्ही सगळे अंगणात आलो. दिवेलागण झालेली. कुणी घड्याळाकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. साडेसहा वाजले तसे अप्पा उठले, आपली लोखंडी खुर्ची उचलली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या कडेला नेऊन ठेवली.

"झालं वाटतं," आबा म्हणाले.

"काय?" अप्पा तिकडनं म्हणाले.

"काय न्हाई."

नेम तो नेम. त्याला आता पाचेक वर्षं झाली. अप्पा साताऱ्याला येतात, वर्षातनं दोनदा तरी. आबांना हळद आणतात, आबा त्यांची सायकल नाहीतर पंप नाहीतर चष्म्याची दांडी दुरुस्त करून देतात. जेवणवेळ झाली की अप्पा आपला डबा घेऊन आमच्या बाहेरच्या पायरीवर बसतात. आत पंगत, बाहेर डबा. पहिल्यांदा आई चिडली. दुसऱ्यांदा आबा चिडले, हळद परत देतो म्हणाले. आता कुणी चिडत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. डबा उघडताना ते दारातनं आत विचारतात, "आज काय केलंय?" आणि आई एकेका पदार्थाचं नाव सांगते, मीठ किती, तिखट किती, सगळं. ते ऐकत ऐकत ते आपली भाकरी खातात. एकदा म्हणाले, "त्या गुरवारी जेवलो तसं पुन्ना जेवलो न्हाई बगा." मग पुढं काही बोलले नाहीत, कारण त्या गुरुवारी काय होतं हे त्यांना बोलता येत नाही.

सबब संबंधित खात्याकडं नम्र विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, सांगली येथील सदर गुरुवारचा सूर्य मावळतीपासून बोटभर वर असताना आहे त्या जागी थांबविण्यात यावा, आणि लीड्स येथील घड्याळ पुढील आदेश होईपर्यंत सव्वाबारावर ठेवण्यात यावे. जेणेकरून अर्जदाराचे वडील हे श्री. सुकुमार चौगुले यांचे अद्याप कोणीही लागत नाहीत असे ग्राह्य धरून, उभयतांस एका पंगतीत बसता येईल. वधूवरांची यास हरकत असल्याचे आढळून आलेले नाही. त्यांस विचारलेले नाही. तरी मेहेरबान होऊन मंजुरी मिळावी.