घुबडाची उरलेली गोष्ट

“कॉम्प्युटर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा म्हणतोय ना आत्या, मग करून टाक की.”

“हात लावून तर बघ!” मी भाचीवर खेकसले. “फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी! मग तुझ्या बाळाला काय माझा हा फुटका आवाज ऐकवू?”

तिला आठवा महिना होता. तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, स्वरपेटी ऑपरेशनमध्ये काढली होती. त्याआधी पठ्ठ्यानं नातवंडासाठी छोट्या रेकॉर्डरवर गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी मी काळ्या पडद्यावर कमांड देऊन त्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. कर्सर परत लुकलुकला मात्र, “झालं गं ताई!” म्हणत यानं पेनड्राइव्ह खटकन उपटला आणि मी ओरडेपर्यंत रेकॉर्डर पुसून मोकळा! पडदा झालं म्हणाला तरी मशीन आत लिहीतच असतं. आधी अनमाउंट करायचं, म्हणजे मशीनला लिहिणं पुरतं संपवून पेनड्राइव्ह सोडायला लावायचं, मग काढायचं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आज तो घरी आला म्हणून पेनड्राइव्ह लावला, तर ही रड.

तो गळ्याला पट्टी बांधून समोर खाली मान घालून बसला होता. त्याला तसं बघवेना मला.

नोकरीभर मी कचेरीचे बॅकअप सांभाळले होते. आधी अख्ख्या पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढली. चिरफाड काय ती प्रतीवर. पहिल्या कमांडनं हात वर केले. दुसरीनंही. “राहू दे गं आत्या,” भाची म्हणाली. “राहू देईन तर नाव सांगणार नाही,” मी म्हटलं आणि तिसरी चालवली.

दुपारी फायली आल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. तो एकेक ऐकायचा आणि नाव टाइप करायचा. भाची डोळे पुसत होती. शेवटची फाईल मात्र अर्धीच निघाली. अंधाराला घाबरणाऱ्या घुबडाच्या पिल्लाची गोष्ट. “आणि मग पिल्लू आईला म्हणालं,” एवढ्यावर त्याचा आवाज तुटला.

मी पुन्हा शोधलं. पुढचं कुठेच नव्हतं.

त्यानं कीबोर्ड ओढला. ‘पिल्लू म्हणालं, आई, तू बोलत राहा, मग मला भीती नाही.’ खाली लिहिलं, ‘ताई, उरलेली तू सांग.’

माझ्या फुटक्या आवाजात मी सांगितली आणि रेकॉर्ड केली. आता सगळं प्रतीतून निघालं होतं, म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि साऱ्या फायली त्यावर घातल्या. कर्सर लुकलुकला. त्याचा हात पेनड्राइव्हवर होता, पण नजर माझ्या तोंडाकडे. मी अनमाउंट केलं.

“काढ,” म्हटलं, तेव्हा कुठे त्यानं काढला.