काठावर घागर एक

मी पंचनामा बोलतोय, मरणोत्तर पंचनामा. माझं नाव ऐकून माणसं दचकतात. पण खरं सांगू, सगळ्यांत भित्रा मीच. माझा जन्मच भीतीत झाला.

एकोणीसशे एकसष्ट साल, वरकुट्याजवळची एक वस्ती. विहिरीतून काढलेली सरुबाई घोंगडीखाली निजवली होती. हवालदार मांडीवर फळी घेऊन मला लिहीत होता. दिसेल ते लिहायचं, हा त्याचा नेम. ‘विहिरीच्या काठावर घागर एक, पाण्याने भरलेली, उभी. मयताच्या पाठीवर जुने वळ.’ ते वळ कुणाच्या हातचे, हे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरुबाईचा नवरा गेणबा खाली मान घालून उभा होता आणि सहा वर्षांची कुशी त्याचं धोतर घट्ट धरून होती.

शेवटी पंचांचं मत लिहायची वेळ आली. थोरले पंच दत्तोबा पोरीकडं बघत म्हणाले, "आय तर गेली. पोरीला बाप तरी ऱ्हाऊ द्या. पाणी शेंदताना पाय घसरला, आसं लिवा."

हवालदारानं टाक बुडवला आणि तसंच लिहिलं. मधल्या ओळी मात्र तशाच राहिल्या, कारण खाडाखोड दिसली की वरचे साहेब जाब विचारतात. खाली पाच अंगठे उमटले.

तेव्हापासून माझ्या पोटात एक आणि शेवटाला दुसरंच. चोराच्या मनात चांदणं! तालुक्याच्या कचेरीत कुणी आमचा गठ्ठा सोडला, की मला वाटायचं, आता पकडला गेलो. पण कुणीच विचारलं नाही. वर्षं गेली, कडा वाळवीनं खाल्ल्या, आणि यंदा आमचा गठ्ठा नाश करायच्या कागदांत दाराशी नेऊन ठेवला.

परवा स्वरूपा आली, बारामतीला शिकणारी मुलगी. घराण्याची वंशावळ काढताना सरुबाईच्या मृत्यूची तारीख सापडेना, म्हणून तिनं अर्ज केला होता. सोबत तिची आजी होती, लोणी भापकरला दिलेली कुशाबाई. तीच ती कुशी, आता सत्तरीची.

स्वरूपानं सगळे करतात तेच केलं. तारीख टिपली आणि थेट शेवट वाचला, "पाणी शेंदताना पाय घसरून मयत."

कुशाबाई म्हणाली, "म्हंजी माझ्यापायीच. घरातली भरली घागर म्या खेळताना लवंडली, म्हनून ती पुन्यांदा हिरीवर गेली. आजवर कुनाला बोलले न्हाय."

चौसष्ट वर्षं हे ओझं! माझं खोटं त्या पोरीला असं आतून जाळत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि स्वरूपा तर मला मिटायला लागली होती. एवढा मी वाळवीलाही कधी भ्यालो नव्हतो. हात असते तर तिचं मनगट धरलं असतं. मधलं वाच गं बाई, मधलं वाच.

"आयची घागर गावली व्हती का गं?" कुशाबाईनं विचारलं. "तांब्याची व्हती."

स्वरूपानं पान पुन्हा उघडलं. तिचं बोट ओळीओळीनं उतरत आलं आणि थांबलं. "आजी, घागर काठावर होती. भरून ठेवलेली."

"भरल्याली? मंग शेंदताना कशी पडंल ती?"

पुढची ओळ स्वरूपानं मनातच वाचली आणि बोट उचललं.

"वाच," कुशाबाई म्हणाली.

"पाठीवर जुने वळ."

म्हातारीनं मला जवळ ओढलं. तिला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "म्हंजी माझ्यापायी न्हाय गेली ती," ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला वाटलं, सुटलो.

त्यांनी माझी नक्कल घेतली. उद्या-परवा मला फाडतील. फाडा, माझी ना नाही. पण माझ्या भाऊबंदांच्या निदान मधल्या ओळी तेवढ्या वाचून काढा.

दारातून बाहेर पडताना कुशाबाई थबकली. "माझा बाप म्हातारपनी अंथरुनावर व्हता, तवा तीन वर्सं म्या हातानं भरवलं त्याला. घरी फोटू हाय त्याचा, रोज हार घालती मी. आता घरी गेल्याव काय करू गं?"

स्वरूपानं आजीचा हात धरला. याचं उत्तर माझ्यात कुणी लिहिलेलं नाही.