कुठला कॅन ओतला

सकाळी अकराला मी टाकीत एक कॅन रिकामा केला आणि बाराला मला आठवेना, तो कुठला होता.

आमच्याकडे दोन प्रकारचे कॅन असतात. दोन्ही निळे, दोन्हींत फळांच्या रसाच्या कारखान्यातलं वाया गेलेलं गोडसर पाणी. पांढऱ्या चिठ्ठीचं नुसतं, हिरव्या चिठ्ठीचं नत्र मिसळलेलं. टाकीतले जिवाणू आधी हिरव्यावर वाढवायचे, मग नत्र तोडून पांढरं पाजायचं. खायला रग्गड, पण वाढता येत नाही, असं झालं की ते पुढची तरतूद अंगात साठवतात. ती तरतूद म्हणजेच आमचं प्लॅस्टिक, मातीत विरून जाणारं. पण भरल्या पोटी त्यांना पुन्हा नत्र मिळालं, तर साठवलेलं मोडून खातात आणि पिल्लावळ वाढवत बसतात.

अकराला सासूबाईंचा फोन आला होता. चिऊ, माझी आठ महिन्यांची लेक, तापाने फणफणली होती. फोन मानेत धरून मी "ओली घडी ठेवा, डॉक्टरांना बोलावते" म्हणत होते आणि हात ओतत होते. ओतून झाल्यावर कॅन लगेच विसळला, चिठ्ठी खरवडली, धुतलेल्यांच्या रांगेत उलटा ठेवला. चिऊ झाल्यापासून उष्टं भांडं मला बघवत नाही.

उरलेले कॅन मोजावेत, तर किती आणले होते तेच कुणी लिहिलं नव्हतं.

आधीच्या दोन टाक्या फुकट गेल्या होत्या. परवा रोपवाटिकेला रोपांसाठी या प्लॅस्टिकच्या शंभर पिशव्या द्यायच्या होत्या. नाही दिल्या, तर ते पुन्हा साध्या प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्या घेणार होते.

गाळणं सांभाळणाऱ्या तात्यांना मी सांगून टाकलं.

"अगं, पट्टी बुडव की," ते म्हणाले.

बुडवली. नत्र असेल तर रंग येतो. आला नाही.

"सुटलीस!"

"तात्या, तास झालाय. असलंच तर त्यांनी चाटूनपुसून खाल्लं असेल."

"जिवाणू आहेत का लग्नातले वऱ्हाडी?" तात्या हसायला गेले आणि माझं तोंड बघून त्यांनी आमचा कारखाना चालवणाऱ्या मॅडमना हाक मारली.

मॅडम आल्या. त्यांनी काटे बघितले, टाकीला कान लावला, माझ्याकडे वळल्या.

"चूक झालीय का?"

"माहीत नाही."

"तपासणीला किती वेळ?"

"दोन तास. चूक असेल तर तोवर निम्मं खाऊन टाकतील. आत्ता वाफ सोडून त्यांना मारलं तर जेवढं साठलंय तेवढं तरी हाती लागेल."

"आणि चूक नसेल तर?"

"तर संध्याकाळपर्यंत आणखी भरले असते. भरत आलेली टाकी मी हाताने मारली, असं होईल."

"मग?"

मला वाटत होतं, त्यांनीच काय ते सांगावं. चिडावं, हवं तर हाकलून द्यावं, पण सांगावं.

"टाकी तुझी आहे," त्या म्हणाल्या.

काचेच्या गोल खिडकीतून मी आत पाहिलं. दुधट पाणी, वर फेस, सगळं आपलं मजेत ढवळत होतं. तीन दिवस मी त्यांना तासातासाला भरवलं होतं. वाफेची चावी फिरवली. काटा चढू लागला, फेस बसत गेला आणि ढवळणाऱ्या पात्यांचा आवाज तेवढा उरला.

"जा आता पोरीकडे," तात्या म्हणाले. "पुढचं गाळणं मी बघतो."

चिऊचा ताप पहाटे उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी जिवाणूंतून काढलेली प्लॅस्टिकची पूड वाळली आणि आम्ही तिघं वजनकाट्याभोवती उभे राहिलो. पूड छान पांढरी होती. पिशव्या होणार होत्या बासष्ट.

"टाकी वेळेआधी थांबवली म्हणून कमी, का आधीच खाल्ल्याने कमी?" तात्यांनी विचारलं.

"ते आता देवालाही सांगता यायचं नाही," मी म्हणाले.

मॅडमनी फोन उचलला. "रोपवाटिकेला मी सांगते. यंत्र बिघडलं म्हणते."

"नको मॅडम. द्या इकडे."

पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग रोपवाटिकेच्या बाईंचा आवाज आला, "बोला."

"ताई, अडतीस पिशव्या कमी पडताहेत," मी म्हणाले. "चूक माझी आहे. काय झालं ते सांगते, ऐकाल का?"