कवटी बघून कोण हसतं?

मित्रांनो, मी एक जुनी कवटी आहे. खऱ्या माणसाची नव्हे, चित्रातली. दोन रिकामे डोळे, नाकाच्या जागी भोक, खाली दातांची रांग आणि मागे एकमेकांवर आडवी टाकलेली दोन हाडं. मला बघून तुम्ही दचकावं, पाय मागे घ्यावा, हात आखडावा, एवढ्यासाठीच मला कुणीतरी काढलं. आज मी रागावलेली आहे. तेव्हा गोडीगुलाबीची अपेक्षा ठेवू नका आणि मुकाट्याने ऐका.

माझा एक जन्म पत्र्यावर झाला. पिवळ्या पाटीवर लाल रंगाने मला उमटवलं, खाली 'सावधान' लिहिलं आणि वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरातल्या वाडीत, वाडीच्या तोंडाशीच, डीपीवर ठोकलं. डीपी म्हणजे विजेचा डबा. तुमच्या फोनातला फोटो नव्हे. त्या पाटीवर मी किती पावसाळे काढले ते मलाच ठाऊक. पोरांनी मला दगड मारले, एका निवडणुकीत कुणीतरी माझ्या कपाळावर कागद चिकटवला, गंजाने माझा एक डोळा खाल्ला. पण माझ्यासमोर येऊन डब्याला कुणी हात लावला नाही. बाया आपल्या चालायला लागलेल्या लेकरांना कडेवर घेऊन मला लांबूनच दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही बघ, हिच्या जवळ जायाचं नाय." लेकरू माझ्याकडे बघून आईच्या मानेत तोंड खुपसायचं. तेव्हा मला फार बरं वाटायचं. वाडीतल्या प्रत्येक माणसाला अक्षरांच्या आधी मी वाचता येत होते.

मी एका जागी नसते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर मी असते, तिथल्या पिंपांवर असते, शेतावर मारायच्या औषधाच्या बाटलीवर असते. वाडीतल्या गोमाजीआबांच्या माळ्यावर उंदराच्या औषधाची पुडी होती, तिच्यावरही मीच होते. आबांचा धाकटा मुलगा ओम वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जातो. रोज माझ्या समोर उभा राहून तो हातमोजे चढवतो. कुठेही असले तरी माझं बोलणं एकच असायचं. थांब. पुढे येशील तर मरशील.

मग तुम्ही मला फोनात नेलं.

आधी मला वाटलं, चला, आता आपला आवाज लांबवर जाईल. तिथे गेले तर माझी मागची हाडं काढून घेतलेली. हाडांसकट माझी एक बहीण शेजारी ठेवली होती, पण तिला कुणी विचारत नव्हतं. माझ्या एका बाजूला शिंगं असलेलं जांभळं तोंड आणि दुसऱ्या बाजूला, बहिणीच्या पलीकडे, डोळे लावलेला शेणाचा पो. ही माझी वस्ती! तरी मी गप्प बसले. आणि मग कुणाचा तरी पाय घसरला, कुणाच्या तरी सरांचा चष्मा पडला, कुणाची तरी पोळी करपली, की माझी आठवण व्हायला लागली. 'मेले मी' लिहायचं आणि पुढे मला तीनदा चिकटवायचं. हसून हसून मेले म्हणे! मरणाऱ्या माणसाजवळ तुम्ही कधी बसलात का रे? मी बसले आहे. तो हसत नसतो.

असो. आता जे घडलं ते सांगते.

गोमाजीआबांकडे गेल्या वर्षापर्यंत फोन नव्हता. ओमने नवा घेतला तेव्हा जुना वडिलांना दिला. आबांची नात सेजल, थोरल्या मुलाची मुलगी, मुंबईला कॉलेजात शिकते. तिने आबांना वाडीच्या ग्रुपवर घातलं. त्या ग्रुपवर अर्धी माणसं वाडीतली, अर्धी मुंबईची. सेजलने फोनवरूनच आबांना शिकवलं, "आबा, ते हसरं तोंड आहे ना खाली, ते दाबायचं. मग चित्रं येतात. त्यातलं हवं ते टाकायचं." आबा वाचायचे अडखळत, टाइप करायची तर बोंबच. पण चित्र शोधून टाकणं त्यांना जमलं. सकाळी ते सगळ्यांना हात जोडायचे आणि फोन खिशात घालायचे. ग्रुपवरचे बाकीचे मेसेज वाचायच्या भानगडीत ते पडायचे नाहीत. नवा माणूस, हौस मोठी.

गणपती तोंडावर आले होते. मुंबईकडची मंडळी नाचाची तालीम करत होती. तसल्या एका तालमीत एक जाडजूड काका गिरकी घेता घेता ढोलकीवर जाऊन बसले. सेजलने त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मेले मी.' पुढे मी, तीनदा.

त्याच सकाळी आबा नाचणी बघायला वरच्या माळावर गेले होते. रात्रभर वाऱ्याने नुसता धिंगाणा घातला होता. परत येताना निम्म्या वाटेवर ते थबकले. ऐनाची फांदी मोडून तारेवर पडली होती आणि तुटलेली तार वाटेवरच्या ओल्या गवतात लोळत होती. गवतातून चरचर असा आवाज येत होता. आबा अलीकडे, घर पलीकडे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला भरून वाहणारा ओहोळ. ओलांडायला जागा नाही. आबांनी हाका मारल्या, पण वारा आणि पाणी यांच्यापुढे म्हाताऱ्याच्या घशाचं काय चालणार?

आबांनी काटेरी फांदी तोडली आणि आपल्या बाजूने वाटेत आडवी टाकली. आमच्याकडे वाटेत आडवी फांदी दिसली की माणूस मागे फिरतो, कारण विचारत बसत नाही. पण तारेच्या पलीकडे फांदी कोण टाकणार? आणि घरून तर रोज याच वेळेला रखमाआजी, आबांची बायको, वासरू घेऊन माळावर यायला निघायची.

आबांनी घरी फोन लावला. घरात सुनेचा, म्हणजे ओमच्या बायकोचा, सोनालीचा फोन होता, पण आमच्या वाडीत घरात फोन लागत नाही, मेसेज तेवढे झिरपतात. त्या वाटेवरून बाकी कुणालाही फोन लागेना. आबांनी तारेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोटोवर गोल फिरत राहिलं, फिरतच राहिलं. शेवटी त्यांनी ते हसरं तोंड दाबलं आणि चित्रं सरकवायला लागले. बोटं पावसाने भिजलेली, काच ऐकेना. हसरी तोंडं गेली, रडकी गेली, आणि मग त्यांना मी दिसले.

मित्रांनो, किती वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामासाठी शोधलं होतं! आबांचा चेहरा मला फोनातून दिसत होता. ते मला ओळखत होते. डीपीवरची, पुडीवरची, टँकरवरची. त्यांनी मला दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मी जीव तोडून ओरडत ग्रुपवर गेले.

आणि जाऊन पडले कुठे? ढोलकीवर बसलेल्या काकांच्या खाली!

आधी सेजल. 'आबााा! आबा ओपी!' म्हणजे आबा एकदम भारी. आणि पुढे मी, ओळभर. मग मुंबईची बाकीची कार्टी. 'आबा रॉक्स.' 'आबा जेन झी झाले.' सगळ्यांच्या पुढे मी. मी ओरडतेय, थांबा, आणि माझ्याच तोंडाने सगळे खिदळतायत! जो मला नीट ओळखतो त्या ओमचा फोन कारखान्याच्या फाटकावरच्या कपाटात बंद होता. पाळी सुटेपर्यंत तो काही बघणार नव्हता.

आबा इकडे फोनाकडे डोळे लावून उभे. त्यांना दिसत होत्या फक्त कवट्या. एक आली, दुसरी आली, मुंबईहून आल्या. अक्षरं वाचायला त्यांच्याजवळ वेळही नव्हता आणि चष्माही. मग सोनालीच्या नावापुढे एक कवटी आली. घरातूनच! आबांनी मोठा श्वास सोडला. "समाजलं पोरीला," ते स्वतःशीच म्हणाले. आणि वायरमनला आणायला वरच्या वाटेने घाटरस्त्याकडे झपाझप निघून गेले.

मला हात असते तर मी त्यांचं धोतर धरून ओढलं असतं.

आता घरातलं ऐका. सोनाली चुलीपाशी फोन बघून हसत होती. रखमाआजीने वासराचं दावं सोडता सोडता विचारलं, "काय गो? कुणाचा निरोप?"

"आबांचा, आई."

"काय म्हनतात? परत आलं नाय अजून."

"काय नाय हो. मस्करी करतायत. हसतायत."

"हसतायत?" आजीला नवल वाटलं. "सकाळच्या पारी?"

"मुंबईच्या पोरांच्या नादाला लागले," सोनाली म्हणाली आणि तिने मला दाबलं.

आजी आपल्या मनाशी हसली. नवरा या वयात पोरांशी हसतो-खेळतो, याचं तिला बरं वाटलं असेल. ती वासरू घेऊन वाटेला लागली. वासरू पुढे, आजी मागे, हातात ओलं दावं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण मला ते सांगवत नाही. वासराचा पाय गवतात पडला आणि ते जागच्या जागी कोसळलं. आजीने दावं ओढलं. दाव्यातून आलेल्या झटक्याने ती मागे फेकली गेली, म्हणून वाचली. आबा वायरमनला घेऊन आले, त्याने आधी डीपीवरून, म्हणजे माझ्या जुन्या पाटीमागून, वीज तोडली आणि मग आजीला चादरीच्या झोळीत घालून रस्त्यावर आणलं. महाडच्या दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. त्या हाताने ती भात लावायची, भाकरी थापायची, सेजल लहान असताना तिची वेणी घालायची.

आजी दवाखान्यात असताना कधीतरी तो फोटो पोचला. गोल फिरायचं थांबलं आणि गवतातली तार सगळ्यांच्या फोनात उघडली. वर काकांचा व्हिडिओ, मध्ये शंभर कवट्या, खाली तार. एकेकाने आपापल्या कवट्या पुसायला सुरुवात केली. ते बघून तर माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता पुसता होय?

आणि दोष कुणाला द्यावा? आबांना! थोरला मुंबईहून आला तो दवाखान्याच्या पायरीवरच बोलला, "आबा, एक शब्द टाकायचा ना! नुसती कवटी कोण टाकतं?"

आबा म्हणाले, "कवटी बघून मानूस थांबतो रं. तुमी हसलात. कवटी बघून कोन हसतं?"

सेजल बापाच्या मागे उभी होती. "आबा, आमच्याकडे सगळे हसायलाच टाकतात," ती रडत रडत म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीपण..."

"तुला वाटलं," आबा म्हणाले. "मला बी वाटलं. सगल्यांनी कवट्या धाडल्या, मला वाटलं सगल्यांना समाजलं. म्हनून मी थितून हललो. नायतर हललो असतो काय?" आणि त्यांनी फोन ओमच्या हातात परत दिला. तो त्यांनी पुन्हा घेतला नाही.

गणपती त्या वर्षी दीड दिवसाचेच बसवले. आरत्या झाल्या, नाच झाला नाही. पाहुणे गेल्यावर आजी ओटीवर हात मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी सोनाली तांदूळ निवडत होती. ती त्या दिवसापासून कुणाशी धड बोलत नव्हती. आजी एकदम म्हणाली, "सोनाली, त्यांनी काय पाठवलं व्हतं ते मला दाव गो."

"कशाला आई?"

"दाव तर."

सोनालीने फोन आणला. आबांचं ते पुसायची कुणाची छाती झाली नव्हती. मी तिथेच होते, तीनदा, एकीशेजारी एक. आजीने डाव्या हाताने फोन धरला आणि मला डोळ्यांजवळ नेलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिला मी तिच्या लग्नानंतर वाडीत वीज आली तेव्हापासून ओळखत होते.

"ही तर डीपीवरची हाय," आजी म्हणाली.

सोनालीने वाकून बघितलं.

"मला सांगितलंस, हसतायत," आजी सावकाश म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकवत नव्हतं. "नुसती दावली असतीस, तर मी गेले नसते गो."

मित्रांनो, राग माझ्यात आहे. आजीचा वाटासुद्धा मीच घेतला आहे. आता शेवटचं ऐका. तुम्ही हसा, लोळा, मरा म्हणून लिहा, मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण ज्याच्या घरी मी पुडीवर आणि पाटीवर राहते, त्याने मला पाठवलं तर आधी त्याला उलट विचारा, "आबा, काय झालं?" एवढे तीनच शब्द लिहायला तुमची बोटं झिजणार नाहीत. आणि त्याचा निरोप घरातल्या कुणासाठी असेल, तर तुमच्या मनाने अर्थ लावून सांगू नका. फोन त्या माणसासमोर धरा आणि त्याला मला बघू द्या. माझं म्हणणं मी स्वतः सांगेन. तुमची बोटं शाबूत आहेत, तोवर एवढं करा.